लेफ्ट गँग्लिओकॅप्सुलर ब्लीड: रिपोर्टमधल्या एका शब्दाचं प्रकरण

रुग्ण दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. वय साठीच्या आत. घरात आणि गावात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. रक्तदाब असल्याचं आधीच निघालेलं होतं, पण गोळी घ्यायची ती डोकं जड झालं की. बागेत खुडा चालू होता, व्यापाऱ्याची गाडी यायची होती. त्या धावपळीत सकाळी उजवा हात गळाला, पाय लुळा पडला आणि बोलणं तोंडातल्या तोंडात राहू लागलं. नाशिकच्या दवाखान्यात पोचले तेव्हा रक्तदाब २१०/१२० होता. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला. ऑपरेशनची गरज पडली नाही. आधी आयसीयू, मग वॉर्ड, आणि तिथून मुलाच्या सिडकोतल्या फ्लॅटवर. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम त्यांच्या घरी जाऊन घेते. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. वैद्यकीयदृष्ट्या या केसमध्ये नवीन काही नाही. असे रुग्ण कायम येतात. लिहावंसं वाटलं ते रिपोर्टमधल्या एका शब्दामुळे. त्याचा अर्थ घरच्यांनी आपल्या परीने लावला आणि उपचारांची दिशा जवळजवळ बदललीच.

घरी काय चाललं होतं

मी गेले तेव्हा आण्णा पलंगावर उताणे होते. उजवा हात उशीवर जपून ठेवलेला. पाय हलवायला घेतला तशी मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझा हात धरला. "मॅडम, जास्त हलवू नका. गाठ फुटली म्हंजे?"

कुठली गाठ, म्हणून विचारलं, तर मुलाने फाइल पुढे केली. बोलता बोलता कळलं की पाहुण्यारावळ्यांत 'आण्णांच्या डोक्यात गाठ निघाली' ही बातमी केव्हाच पोचली होती. मुंबईला नेऊन गाठ काढायची का, यावर भावकीत चर्चा झाली होती. मुलाने कंपनीत दिलेल्या रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं 'वडिलांना ब्रेन ट्यूमर'. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी अर्धी भरलेली. गाठ असेल तर बीपीच्या गोळीने काय होणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि सगळ्यांत काळजीची गोष्ट म्हणजे, शेजारच्या गृहस्थांना पूर्वी पक्षाघात झाला होता, त्यांना चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी आण्णांनाही सुरू करावी, असं घाटत होतं. "त्यांच्या पण डोक्यात गाठच होती ना!" मुलगा म्हणाला.

ज्याच्या मेंदूत नुकताच रक्तस्राव झालाय त्याला आपल्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी द्यायची! मी आधी फोन हातात घेतला आणि त्यांच्या डॉक्टरांशी मुलाचं बोलणं करून दिलं. ती गोळी द्यायची नाही, रक्तदाबाची चुकवायची नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकवलं. व्यायामाची फाइल त्यानंतर उघडली.

रिपोर्टमधली ओळ

सीटीच्या रिपोर्टमधलं महत्त्वाचं वाक्य देवनागरीत उतरवते: 'अक्यूट इंट्रापॅरेन्कायमल हिमॅटोमा मेझरिंग ३.२ × २.४ × २.८ सेंटिमीटर इन द लेफ्ट गँग्लिओकॅप्सुलर रीजन विथ माइल्ड पेरिलीजनल इडीमा.' थोडक्यात, मेंदूच्या आत डावीकडे नुकतंच साचलेलं रक्त आणि भोवती थोडी सूज. पुढे लिहिलं होतं की रक्त मेंदूच्या पोकळ्यांमध्ये उतरलेलं नाही आणि मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही. चांगली बातमी या पुढच्या भागात होती आणि घरात तो कुणी वाचलाच नव्हता.

मुलगा बारावी सायन्स झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी. त्याने 'गँग्लिओकॅप्सुलर' मोबाइलवर शोधला. साध्या शब्दकोशात हा जोडशब्द सहसा सापडत नाही. डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला तो शब्द, आणि आपल्याकडच्या सीटी रिपोर्टमध्ये तर फारच लाडका. अर्धा शब्द टाइप होतो न होतो तोच खाली 'गँग्लिओग्लायोमा' आला. हा खरोखरच मेंदूतल्या एका ट्यूमरचा प्रकार आहे, पण आण्णांच्या आजाराशी त्याचं काही नातं नाही. मग त्याने शब्द तोडून बघितला. 'गँग्लिऑन' म्हणजे काय हे घरात माहीत होतं. आत्याच्या मनगटावर तशी गाठ होती, सर्जनने कागदावर गँग्लिऑनच लिहिलं होतं आणि छोटं ऑपरेशन करून ती काढलीही होती. 'कॅप्सुलर' म्हणजे कॅप्सूल, आवरण. झालं! आवरण असलेली गाठ. ओळखीच्या एका मेडिकलवाल्याने त्यात भर घातली, की 'हिमॅटोमा'तला 'ओमा' म्हणजे ट्यूमर, आणि आवरण असेल तर बरंच, अशी गाठ अख्खी निघते.

हे ऐकून मला हसू आलं नाही. हाताशी जेवढं होतं तेवढ्यावर त्यांनी लावलेला तर्क चोख होता. त्यातच वॉर्डातल्या कुणीतरी मराठीत समजावताना 'डोक्यात रक्ताची गाठ झालीय' म्हटलेलं. रक्तवाहिनी बंद करणारी गुठळी, फुटलेल्या वाहिनीतून साचलेलं रक्त आणि ट्यूमर, तिन्हींना आपण बोलताना 'गाठ' म्हणून मोकळे होतो. शेजाऱ्याची 'गाठ' पहिल्या जातीची होती, आण्णांची दुसऱ्या. पहिलीला जे औषध चालतं, ते दुसरीत घात करू शकतं.

शब्द आला कुठून

'गँग्लिऑन' मूळचा ग्रीक. हिपॉक्रटीसच्या परंपरेतल्या ग्रंथांत तो स्नायुबंधांजवळ त्वचेखाली येणाऱ्या फुगवट्यासाठी येतो, म्हणजे अगदी आत्याच्या मनगटावरच्या गाठीसारख्या गोष्टीसाठी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने तो नसांवर दिसणाऱ्या गाठीसारख्या जाड भागांना लावला. इंग्रजीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले. त्यामुळे आजही एका ओपीडीत गँग्लिऑन म्हणजे सांध्यापाशी किंवा स्नायुबंधाच्या वेष्टनापाशी झालेली, चिकट द्रव भरलेली निरुपद्रवी गाठ, आणि शेजारच्या ओपीडीत गँग्लिऑन म्हणजे मज्जापेशींचा पुंजका. (मनगटाच्या गाठीला इंग्रजीत बायबल बंप असंही नाव पडलं होतं, जाड पुस्तक आपटून ती फोडत असत. मावशींची फुटण्याची भीती अगदीच हवेतली नव्हती म्हणायची.)

पुढे मज्जासंस्थेत आणखी एक नियम रुळला. मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर असेल तर त्या पुंजक्याला गँग्लिऑन म्हणायचं, आत असेल तर न्यूक्लियस. रिपोर्टमधला 'गँग्लिओ' ज्यावरून आला, ते 'बेसल गँग्लिया' हे नावच या नियमाने चुकीचं ठरतं, कारण हे पुंजके मेंदूच्या पार आत आहेत. शरीररचनेची आंतरराष्ट्रीय नामावली १९९८ साली आली, तिच्यात 'न्यूक्लिआय बेसालेस' असंच आहे आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत 'बेसल न्यूक्लिआय' छापतात. पण दवाखान्यात कुणी तसं म्हणत नाही. राउंडला, रिपोर्टमध्ये, डिस्चार्ज कार्डावर, सगळीकडे बेसल गँग्लियाच. माझ्या मते हे बदलणारही नाही आणि बदलण्यासाठी जीव काढायची गरजही नाही. शब्द जुना आहे हे माहीत असलं की पुरे.

व्याकरणाचंही एक बघण्यासारखं. गँग्लिऑन एकवचन, गँग्लिया अनेकवचन. एका बाजूला अनेक पुंजके म्हणून 'लेफ्ट बेसल गँग्लिया'. इंग्रजीत एखादं नाम दुसऱ्या नामाआधी विशेषणासारखं आलं की बहुधा एकवचनी होतं, पण इथे 'बेसल गँग्लिया ब्लीड' असं अनेकवचनच टिकून राहतं. 'बेसल गँग्लिऑन' असं कधीमधी लिहिलेलं दिसतं. त्यावरून कुणी एकच गाठ आहे असं समजू नये.

'बेसल' मात्र आण्णांच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. लागवडीआधी खताचा बेसल डोस टाकणाऱ्या माणसाला बेसल म्हणजे तळाचा हे माहीत असतंच. मोठ्या मेंदूच्या बुडाशी, खोल आत बसलेले हे पुंजके: शेपटीसारखा लांबत गेलेला कॉडेट, टरफलासारखा प्युटामेन, फिकट गोळा म्हणून ग्लोबस पॅलिडस. सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि सबस्टॅन्शिया नायग्राही याच मंडळींत धरतात. कॉडेट आणि प्युटामेन मिळून स्ट्रायॅटम, म्हणजे पट्टेदार. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ च्या आपल्या मेंदूवरच्या ग्रंथात या भागाचं वर्णन केलं आहे. हालचाल सुरू करणं, नको ती दाबणं, सवयीची कामं विचार न करता होऊ देणं, यांत या सगळ्यांचा वाटा असतो. सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी झिजल्या की पार्किन्सन होतो.

शब्दाचा दुसरा अर्धा

माझ्या कामाच्या दृष्टीने 'गँग्लिओ'पेक्षा 'कॅप्सुलर' महत्त्वाचा. नुसत्या बेसल गँग्लियाला इजा झाली तर हालचाल मंदावेल, हात थरथरेल, वेडावाकडा हलेल; हातापायातली ताकद अशी एका झटक्यात जाणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. आण्णांची ताकद गेली ती कॅप्सूलमुळे.

ही कॅप्सूल म्हणजे इंटर्नल कॅप्सूल. गाठीचं आवरण नाही आणि औषधाची कॅप्सूल तर नाहीच. प्युटामेन आणि पॅलिडस मिळून जो भिंगाच्या आकाराचा गोळा होतो, त्याच्या आतल्या अंगाला पांढऱ्या मज्जातंतूंचा जाड पट्टा आहे. त्याच्या पलीकडे कॉडेट आणि थॅलॅमस हा आणखी एक पुंजका. गोळ्याला आतून-बाहेरून वेढणारे पट्टे म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कॅप्सूल म्हटलं. मेंदूच्या पृष्ठभागावरून हातापायाला हुकूम नेणारे तंतू वर पसरलेले असतात. खाली येताना ते या अरुंद जागेत एकत्र दाटतात. म्हणून इथे छोटासा रक्तस्रावही अर्धं अंग पाडू शकतो, आणि मेंदूच्या वरच्या भागात त्याहून मोठा होऊनही एखाद्याचा फक्त हात अडखळतो. हे तंतू खाली जाऊन बाजू बदलतात, त्यामुळे डावीकडे रक्त आणि उजवीकडे लुळेपणा.

मुलाला मी हे कागदावर काढून दाखवलं. त्याचा प्रश्न नेमका होता: "मग तंतू तुटले की दबले?" उत्तर बहुधा दोन्ही असतं. काही फाटतात, काही साचलेल्या रक्ताने आणि भोवतालच्या सुजेने दबलेले असतात. रक्त हळूहळू शोषलं जातं, सूज उतरते, दबलेल्यांपैकी काही पुन्हा काम करू लागतात. व्यायाम यांच्यासाठी आणि मेंदूने नवी वाट शोधावी यासाठी. फुटण्यासारखी गाठ आत नाहीच, हे त्याच कागदावर मावशींनी बघितलं. आण्णांची टाच धरून गुडघा वाकवायला त्या पुढच्या वेळी स्वतः बसल्या.

द्वारकेला अपघात झाला

समजावताना कामी आलं ते असं. द्वारका हा नाशिकमधला चौक. द्वारकेला अपघात झाला असं आपण ऐकतो तेव्हा द्वारका नावाचा आजार झाला असं समजत नाही. द्वारका हे ठिकाण, अपघात ही घटना. रिपोर्टच्या वाक्यातही काही शब्द 'कुठे' सांगतात, काही 'काय'. 'लेफ्ट गँग्लिओकॅप्सुलर रीजन' हे पूर्ण 'कुठे'. 'अक्यूट हिमॅटोमा' हे 'काय': नुकतंच साचलेलं रक्त. आकडे 'किती' सांगतात. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला दोनने भागलं की रक्ताचा अंदाज मिळतो, साधारण ११ मिलिलिटर. अंदाज काढण्याची ही पद्धत डॉक्टर रोज वापरतात.

'ओमा'चा निकाल मेडिकलवाल्यासमोरच लागला. काचबिंदूला इंग्रजीत ग्लॉकोमा म्हणतात, तो ट्यूमर आहे का, एवढं मुलाने विचारलं. तो गप्प.

आणि घटना का घडली, तर याचं उत्तर ठिकाणातच आहे. या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात निघतात. मोठीतला दाब त्यांना थेट सोसावा लागतो. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती खराब होतात; शार्को आणि बुशार या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये अशा धमन्यांवरच्या सूक्ष्म फुगवट्यांचं वर्णन केलं होतं. उच्च रक्तदाबाने होणारा मेंदूतला रक्तस्राव सगळ्यांत जास्त याच भागात, प्युटामेनच्या आसपास होतो. म्हणजे ज्या शब्दामुळे बीपीची गोळी फालतू वाटली, तोच शब्द डॉक्टरला पहिल्यांदा बीपीची आठवण करून देतो. अर्धी पट्टी शिल्लक का राहिली, हे मावशींना इथे उमगलं. मग त्यांनी गोळीची वेळ देवघरातल्या दिव्याच्या वेळेला बांधून टाकली.

ऑपरेशन का नाही, हेही विचारलं गेलं. मोठ्या खर्चाची तयारी झाली होती, त्यामुळे 'काहीच करायचं नाही' हे कुणाला पटत नव्हतं. इतक्या खोलवरचं आणि एवढंसं रक्त काढायला निरोगी मेंदूतून वाट काढावी लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टिच या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत लवकर ऑपरेशन केल्याने एकंदरीत फायदा दिसला नव्हता. प्रत्येक रुग्णाचा निर्णय वेगळा असतो आणि तो न्यूरोसर्जनचा. आण्णांच्या बाबतीत तो आधीच झाला होता आणि कार्डावर लिहिलेला होता.

जुना रिपोर्ट

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण कपाट आवरताना काही वर्षांपूर्वीचा एक सीटी रिपोर्ट सापडला. आण्णा दिंडोरी रोडवर मोटरसायकलवरून पडले होते, तेव्हाचा. त्यात लिहिलेलं: 'बायलॅटरल बेसल गँग्लिया कॅल्सिफिकेशन, फिजिऑलॉजिकल.' पुन्हा तोच शब्द! आण्णांच्या धाकट्या भावाचा संताप अनावर झाला. तेव्हाच दिसलं होतं, आणि कुणी सांगितलं नाही! त्या दवाखान्यावर केस करायची भाषा सुरू झाली. वर त्याला दुसरी शंका: "आम्ही बागेला कॅल्शियम नायट्रेट सोडतो, ते तर अंगात गेलं नसेल?"

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून मघाचीच रीत लावली. 'कुठे' जवळपास तेच. 'काय' अगदी वेगळं. वय वाढतं तसं बऱ्याच जणांत पॅलिडसमध्ये दोन्ही बाजूंना थोडं कॅल्शियम साठतं; त्रास काही नसतो, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये ते दिसून जातं. 'फिजिऑलॉजिकल' हा शब्द तेच सांगत होता, की यात आजार नाही. बागेच्या खताशी त्याचा संबंध नाही आणि मावशी हाडांसाठी घेतात त्या कॅल्शियमच्या गोळ्यांशीही नाही. (त्यांनी त्या बंद केल्या होत्या, हे मला यामुळेच कळलं.) कॅल्शियमचे साठे मोठे असतील, माणूस तरुण असेल किंवा हालचालीची लक्षणं असतील तर डॉक्टर शोध घेतात. इथे तसं काही नव्हतं.

भावाला तरी पटेना. फिल्मवर दोन्ही ठिकाणी पांढरंच दिसतं ना! सीटीवर ताजं रक्तही पांढरं आणि कॅल्शियमही पांढरं, हे खरं. फरक मोजता येतो. हौन्सफील्ड एकक नावाची मोजपट्टी आहे. पाणी शून्य, ताजं रक्त साधारण ५० ते ८०, कॅल्शियम १०० च्या वर. रेडिऑलॉजिस्ट नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही, तो आकडा बघतो. शेतकऱ्याला ईसीचा (माती-पाण्यातल्या क्षारांचा) आकडा, पीएचचा आकडा कळतो, तसा हाही कळला. केसची भाषा थांबली. राग मात्र पूर्ण गेला नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. पडल्यानंतरच्या त्या रिपोर्टच्या वेळी रक्तदाबही वाढलेला नोंदला होता, आणि त्यावर कुणी नेटाने बोललं असतं तर बरं झालं असतं.

पुढे

आण्णा आता काठीच्या आधाराने फ्लॅटच्या पॅसेजमध्ये चालतात. पाऊल अजून घासतं, म्हणून घोट्याला स्प्लिंट आहे. उजव्या हाताची पकड यायला वेळ लागतोय. कात्री धरता येईल का, हे मी आत्ता सांगू शकत नाही. बोलणं बरंच सुधारलं आहे, बागेचे हुकूम फोनवरून सुटतात. रक्तदाबाची वही मुलगा लिहितो. रजेच्या अर्जातलं कारणही त्याने बदलून दिलं; एचआरने ट्यूमरचा रिपोर्ट मागितला तेव्हा बदलण्यावाचून पर्यायच नव्हता.

मध्यंतरी पुन्हा सीटी झाला. मुलाने फोटो पाठवला, 'लेफ्ट गँग्लिओकॅप्सुलर ग्लायोसिस' या शब्दांभोवती लाल गोल. खाली एवढंच: "ताई, पहिला शब्द कुठे. दुसरा काय, तो ग्लायोमा तर नाही?" नाही. ग्लायोमा हा ट्यूमर, ग्लायोसिस म्हणजे बऱ्या झालेल्या जागी मेंदूत उरणारा व्रण. रक्त शोषलं गेलं की तो दिसतोच. अशा व्रणामुळे काही रुग्णांना पुढे फिट येऊ शकते, म्हणून हात आपोआप झटकायला लागला किंवा शुद्ध हरपली तर लगेच दवाखाना गाठायचा, हे मी उत्तरात लिहिलं. त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं आणि डॉक्टरांचा नंबर खाली टाकला.